कोपरावरचा हात

श्रावणातला रविवार होता. रात्री पाऊस पडून गेला होता. सकाळी सव्वासहाला आम्ही नऊ जण इंदूरमध्ये कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपाशी जमलो: सरांचे पाच विद्यार्थी, आमच्या रामबागेतले मी धरून तिघं आणि स्वतः सर. त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून चार काळ्या सुती पट्ट्या काढल्या. "धुतलेल्या आहेत. घट्ट बांधा. फटीतून थोडं जरी दिसलं ना, तर आपण सगळे उगाच लवकर उठलो असं होईल."

सर इतिहास शिकवतात. अकराव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली, आता ते चव्वेचाळीस वर्षांचे आहेत. आमच्या गल्लीत दोन घरं सोडून राहतात. सहा वर्षांची ओळख, सणावाराला ताटाची देवाणघेवाण, त्यांच्या बायकोशी माझी रोजची बोलाचाली. सरांना मी चांगलं ओळखते, असं मी कुणालाही सांगितलं असतं.

असं डोळ्यांवर पट्टी बांधून चालण्याची कल्पना आपली नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. आंद्रेआस हाइनेके नावाच्या जर्मन माणसानं १९८८ साली फ्रँकफर्टमध्ये पूर्ण काळोखातलं प्रदर्शन सुरू केलं. आत कुणालाच काही दिसत नाही आणि वाट दाखवायला असतात अंध माणसं. पुढे ते कितीतरी देशांत गेलं, आपल्याकडे हैदराबादलाही आलं. दिल्लीत पहाडगंजच्या गल्ल्या सलाम बालक ट्रस्टची मुलं फिरवून दाखवतात, जी स्वतः कधीकाळी रस्त्यावर राहिलेली असतात. सरांना यातली एक गोष्ट फार आवडली होती. शहर ज्याला बाजूला सारतं, त्यानंच पुढे चालायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून जायचं.

आमच्या चार जोड्या केल्या. एकानं पट्टी बांधायची, दुसऱ्यानं सोबत राहायचं, पण गाडीखाली जायची वेळ आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. माझ्या जोडीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी होती. मी आधी पट्टी बांधली.

काठी कशी धरायची ते सरांनी प्रत्येकाचा हात हातात घेऊन शिकवलं. मूठ पोटाच्या मध्यावर, टोक जमिनीलगत, आणि खांद्यांच्या रुंदीपेक्षा जरा जास्त असं डावीकडे-उजवीकडे टेकत जायचं. डावा पाय पुढे पडतो तेव्हा काठी उजवीकडे टेकलेली हवी, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासून झालेली असते. ऐकायला सोपं वाटतं. मला दहा पावलंही ताल सांभाळता आला नाही. माझी काठी आणि माझे पाय एकाच बाजूला जात होते.

छत्र्यांपासून राजवाडा म्हणजे पूल ओलांडला की आलाच. चाळीस वर्षांत त्या वाटेनं मी किती वेळा गेले असेन याची मोजदाद नाही. पट्टी बांधल्यावर मात्र पुलावर कधी आले ते मला नाकानं सांगितलं. कान्ह नदीचा तो ओला, कुजका वास एकदम अंगावर आला आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींचा आधार सुटल्यासारखी हवा मोकळी झाली. सर पुढून म्हणाले, "आता कान उघडे ठेवा. आवाज परत येत नाहीये, कळतंय का?" खरंच. इतका वेळ काठीचा टकटक आवाज कुठल्या ना कुठल्या भिंतीवर आपटून येत होता, तो पुलावर नुसता विरून जात होता. पूल संपला तसा तो परत आला.

ई-रिक्षाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली. स्कूटर लांबून कळते, बस तर कळतेच. ई-रिक्षा येते ती थेट अंगाजवळ, आणि कळते ती ओल्या रस्त्यावर चाकं चिकटल्यासारख्या आवाजानं. एक अशी माझ्या उजव्या कोपराला वारा घालून गेली आणि मी जागच्या जागी उभी राहिले. पुढे जाईना, मागे जाईना. त्या मुलीनं नियम मोडून माझा दंड धरला.

राजवाड्यापाशी सरांनी आमचे हात भिंतीवर टेकवले. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे, हे शाळेत पाठ केलेलं. त्या दिवशी दगडाचा गारवा तळहाताला लागला, दोन दगडांमधली दरज बोटानं चाचपली. मग दरवाजा. त्यावरच्या लोखंडी मेखा मी मोजायला लागले आणि हात पोचेना तिथे थांबले. सर शेजारी उभे राहून सांगत होते, "१७४७ साली मल्हाररावांनी काम सुरू केलं. लोक वर माना करून मजले मोजतात. मी इथे आलो की आधी मेखांना हात लावतो." तो माणूस त्या दरवाजाशी घरच्यासारखा उभा होता हे मला न बघताही कळलं. त्याच्या आवाजात घाई नव्हती.

खजुरी बाजारात पट्ट्या सोडल्या. दहा मिनिटांची वाट, आम्हाला पाऊण तास लागला होता. माझ्या मानेवर घाम, खांदे भरून आलेले. एका मुलाच्या डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणाला, "सर, तुम्ही असं कसं जगता? मी तर दोन दिवस नाही काढू शकणार."

सर काहीच बोलले नाहीत. पुस्तकांच्या बंद दुकानांच्या पायरीवर बसले, काठीची घडी घातली. मग म्हणाले, "याच वाक्याची मला भीती होती."

त्यांनी आम्हाला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. एरियल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या मानसशास्त्रज्ञ बाई. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१५ मध्ये हे मांडलं की, ज्यांच्या डोळ्यांवर थोडा वेळ पट्टी बांधली होती, ती माणसं नंतर अंधांना कामात आणि स्वतंत्र राहण्यात कमी सक्षम समजू लागली. पट्टी बांधलेल्याला पहिल्या तासाची धडपड कळते आणि अंधांचं सगळं आयुष्य असंच असणार असं तो धरून चालतो. "मलाही पहिल्या दिवशी असंच वाटलं होतं," सर म्हणाले. "अकरा वर्षांचा होतो, न्हाणीघरापर्यंत जाताना रडलो होतो. त्याला तेहतीस वर्षं झाली. तुम्हाला आज जे कळलं ते तुमच्या भीतीबद्दल कळलं. ते खोटं नाही, पण ते माझं नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "कुणाला वेळ असेल तर मंगळवारी या माझ्याबरोबर. मला सुट्टी आहे, चार कामं आहेत. पट्टी नको."

मुलांचे तास होते. मी गेले.

घराच्या फाटकापाशीच पहिली चूक झाली. पायरी आहे म्हणून मी त्यांचा दंड धरला आणि पुढे ढकलल्यासारखं केलं. माझ्या सासूबाईंना मी असंच धरते. सर थांबले. "ताई, तुम्ही मला धरू नका. मी तुम्हाला धरतो." त्यांनी माझ्या कोपराच्या जरा वर हात ठेवला, चार बोटं आत, अंगठा बाहेर, आणि अर्धं पाऊल मागे उभे राहिले. "आता चाला. पायरी आली की तुमचं शरीर खाली जाईल, ते मला तुमच्या हातातून कळेल. अरुंद जागा आली की हात पाठीमागे घ्या, मी तुमच्या मागे येईन. बाकी काही सांगायची गरज नाही."

त्या हातात जेमतेम वजन होतं. पहिली काही मिनिटं मी फार सांभाळून, जड पावलं टाकत चालत होते. "नेहमीसारखं चाला," ते म्हणाले, "मला उशीर होतोय."

बसथांब्यावर आम्ही वीस मिनिटं उभे होतो. बस आली की सर विचारायचे, "कौन सी बस है भैया?" उत्तर यायचं, "वो वाली नहीं, पीछे वाली." किंवा नुसती मान हलायची. एकानं हातानं दाखवलं, तिकडे. दाखवणारा भला माणूस होता, त्यानं तीनदा दाखवलं. दिवसभरात मी असे हात मोजायचा प्रयत्न केला. इकडे, तिकडे, त्या खांबापाशी, असे हात. निम्मं शहर बोटांनी बोलतं, हे मला तोवर जाणवलं नव्हतं.

तिथेच त्यांनी आयबसची, राखीव मार्गिकेतून धावणाऱ्या शहर बसची आठवण काढली. त्या मार्गिकेतल्या थांब्यांचा फलाट आणि बसची फरशी एका उंचीची होती आणि बसचं दार ठरलेल्या जागी यायचं. २०१३ मध्ये ती बस सुरू झाली तेव्हापासून सर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा रस्ता कुणाला न विचारता, एकट्यानं करायचे. २०२५च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयानं ती मार्गिका काढायला हिरवा कंदील दाखवला. गाड्यांना रस्ता मोकळा होणार म्हणून त्या दिवशी आमच्या घरी सगळे खूष झाले, मीसुद्धा. एकट्यानं प्रवास करायची एखाद्याची वाट त्याबरोबर जाते आहे, हे तेव्हा माझ्या मनाला शिवलंही नाही. सरांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं. मला मात्र ते दिवसभर टोचत राहिलं.

नाश्त्याला पोहे घेतले. मी म्हटलं, "लिंबू तिकडे आहे," आणि लगेच जीभ चावली. त्यांनी घड्याळाची पद्धत शिकवली. ताट म्हणजे घड्याळ: पोहे सहावर, जिलेबी बारावर, लिंबू तीनवर. पोहेवाल्यानं मला विचारलं, "भाईसाब जीरावन लेंगे?" जीरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला. सर समोर उभे, आणि प्रश्न मला. मी "हां" म्हणून मोकळी झाले. सर शांतपणे त्याच्याकडे वळून म्हणाले, "भैया, मेरे में थोड़ा कम डालना." पोहेवाल्यापेक्षा माझी चूक मोठी होती. त्यांचं उत्तर मी देऊन टाकलं होतं, आणि तेही चुकीचं.

पैसे देताना त्यांनी पाकिटातल्या दोन नोटा एकावर एक ठेवून कडेवरून अंगठा फिरवला. "आता बघा. दोनशेची नोट १४६ मिलिमीटर लांब, पाचशेची १५०. मध्ये चार मिलिमीटर. घामट हात, मागे रांग आणि कोपऱ्यात मुडपलेली नोट, यात ते चार मिलिमीटर शोधायचे." शंभर आणि त्यापुढच्या नोटांना दोन्ही कडांना उठावदार तिरक्या रेषा असतात, शंभरला चार, पाचशेला पाच, पण नोट जुनी झाली की त्या झिजतात. रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये नोट ओळखून बोलणारं 'मणि' नावाचं ॲप काढलं, ते त्यांच्या फोनमध्ये आहे. पण खरा उपयोग त्यांना होतो तो दुकानदाराच्या पैसे मिळाल्याचं बोलणाऱ्या डबीचा. "ती आमच्यासाठी कुणी बनवली नाही. दुकानदाराच्या सोयीची आहे. पण ती रक्कम मोठ्यानं बोलते, म्हणजे मीही साक्षीदार असतो." क्यूआरची पाटी नेमकी कुठे चिकटवली आहे ते मात्र कुणीतरी सांगावं लागतं.

मग एका कार्यालयात ओळखपत्राचं काम होतं. कुठल्या ते सांगत नाही. खिडकीवरच्या मुलानं त्यांचा फोन बघितला आणि मला म्हणाला, "इनसे कहिए कैमरे में देखकर पलक झपकाएँ." सर ऐकत होतेच. त्यांनी फोन तोंडासमोर धरला. चौकट जुळेना. वर घ्या, खाली घ्या, डावीकडे. चौकट जुळली तेव्हा पापणी वेळेवर मिटली नाही. चार वेळा झालं. मागच्या रांगेतून उसासे यायला लागले. माझे कान तापले होते. मी त्या मुलाशी भांडायच्या तयारीत होते, तेवढ्यात माझ्या कोपरावरचा हात किंचित दाबला गेला.

सरांनी फोन खिशात ठेवला आणि हिंदीत, वर्गात सांगावं तसं सांगितलं: ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आहे. ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या स्त्रिया आणि एक दृष्टिहीन याचिकाकर्ते कोर्टात गेले होते. डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि पडताळणीला पापणी मिटण्याखेरीज दुसरी सोय हवी, असं त्यात आहे. मग त्यांनी मागच्या बाकावर बसून मला अर्ज सांगितला. मी लिहिला. त्यात एकही वाक्य रागाचं नव्हतं. खाली त्यांनी सही केली, आणि सहीसाठी जागा मी बोटानं दाखवू गेले तर त्यांनी खिशातून एक चौकोनी खिडकी पाडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. ते ओळीवर ठेवायचं आणि खिडकीत सही करायची. पोच घेतली, पोचेवरचा क्रमांक फोनमध्ये बोलून ठेवला. काम त्या दिवशी झालं नाहीच. तीन आठवड्यांनी झालं.

परतताना एका फुटपाथवर पिवळ्या उठावदार फरशा लागल्या. लांब रेघांची फरशी म्हणजे चालत राहा, ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. मी त्यांना आजवर शोभेच्या समजत होते. सेइइची मियाके या जपानी गृहस्थानं १९६५ मध्ये ती फरशी तयार केली, आणि १९६७ साली ओकायामा शहरात अंध शाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली गेली. "एका मित्राची नजर जात होती, त्याच्यासाठी," सर म्हणाले. ते माझं कोपर सोडून काठीनं रेघ पकडत एकटेच चालले. चाल बदलली, पाठ ताठ झाली, मला त्यांना गाठायला भराभर चालावं लागलं. साधारण साठ पावलं. मग रेघ एका उभ्या मोटारसायकलीच्या चाकाखाली गेली. पलीकडे ओळीनं आणखी सात.

आणि आमची गल्ली. तिथे शिरल्यावर सरांनी आपसूक डावा हात कपाळासमोर आडवा धरला. असा हात आडवा धरून चालताना मी त्यांना सहा वर्षं पाहत आले होते. त्यांची सवय असेल, एवढंच मनात यायचं.

"हा हात कशासाठी?" मी पहिल्यांदाच विचारलं.

"काठी कमरेखालचं सांगते, ताई. वरचं नाही." त्यांनी भुवईवरची पांढरी खूण दाखवली. आमच्याच गल्लीतल्या एका खिडकीबाहेरचा कूलरचा लोखंडी स्टँड. खाली जमीन मोकळी, काठी खुशाल पुढे जाते आणि कपाळ जाऊन आपटतं. टेम्पोचा उघडा फाळका, दुकानाच्या ताडपत्रीचा पाइप, आणि गणपतीत मंडपाचे ताणदोर. "ते दहा दिवस मी मागच्या रस्त्यानं जातो. लांब पडतं, पण दोर गळ्याशी येतो."

त्या स्टँडखालून मी रोज जाते. वाकून जाते. वाकते हे मला ठाऊकच नव्हतं.

कूलरवाल्या घरच्या आजोबांशी बोलायला अर्धा तास लागला. त्यांना वाईट वाटलं, इतक्या वर्षांत सांगितलं का नाही म्हणून उलट तेच सरांवर रुसले. दुसऱ्या दिवशी वेल्डर बोलावून त्यांनी स्टँड आत घेतला. मंडळाचं जरा जड गेलं. बैठकीत मुलांनी दोराला लाल कापड बांधतो म्हणून सांगितलं आणि मग स्वतःच गप्प झाली. एकानं प्रामाणिकपणे विचारलं, "काकू, एका माणसासाठी अख्खा मंडप सरकवायचा?" मी २०११च्या जनगणनेतला आकडा सांगितला, देशात पन्नास लाखांवर दृष्टिहीन माणसं. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग मी त्याच्या आजीचं नाव घेतलं. मोतीबिंदू, संध्याकाळनंतर भिंत धरून चालणारी. तो म्हणाला, "हां, आजी तर त्या बाजूनं येतच नाही आरतीला."

मंडपाचा सांगाडा दोन हात आत घेतला. ताणदोर काढून त्याजागी बांबूचे उभे टेकू दिले, जमिनीपर्यंत, काठीला लागतील असे. मंडपवाल्यानं थोडे जास्त पैसे घेतले. खांबाला लागून कुणी गाडी लावू नये यासाठी मुलं आळीपाळीनं उभी राहिली. दोन दिवस राहिली, मग विसरली, मग पुन्हा राहिली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीच्या आधी मी ओट्यावर दुर्वा निवडत बसले होते. लाउडस्पीकर तपासणं चालू होतं. कोपऱ्यावरून काठीचा आवाज आला. सर मागच्या रस्त्यानं न जाता सरळ येत होते. काठी पहिल्या बांबूला लागली, त्याला वळसा घालून दुसऱ्याला लागली. जिथे दरवर्षी दोर असायचा तिथे येऊन ते उभे राहिले. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

त्यांनी डावा हात वर केला, कपाळासमोर हवेत इकडून तिकडे फिरवला, आणखी थोडा वर नेऊन पुन्हा फिरवला. मग तो खाली घेतला, काठीची मूठ पोटाशी नीट धरली आणि मंडपाकडे चालू लागले.